अबू हलीफातला बंब

गिझर दुरुस्त करायला कुवेतमध्ये पंधरा दिनार पडतात. हे मला पहिल्याच दिवशी, पहिल्याच माणसाने, पहिल्याच वाक्यात सांगितलं होतं. तिथेच मी "बरं, करा" म्हणालो असतो, तर आमची अख्खी इमारत जानेवारीतल्या एका गारठलेल्या सकाळी ब्लँकेटं गुंडाळून पार्किंगमध्ये उभी राहिली नसती.

पण "बरं, करा" म्हणणाऱ्यांतला मी नव्हे. मी इथल्या एका हॉस्पिटलात एक्स-रेची आणि स्कॅनिंगची यंत्रं सांभाळतो. माणसाच्या पोटातलं दाखवणारी यंत्रं मी उघडतो, जोडतो, पुन्हा चालू करतो. (एखाद-दुसरा स्क्रू उरतो, पण यंत्र चालतं!) अशा माणसाने एका साध्या पाणी तापवायच्या डब्यासाठी दुसऱ्याला पैसे द्यायचे? शिवाय मला एका जागी बसवत नाही. काही बिघडलं की माझे हात शिवशिवायला लागतात. सायली, म्हणजे माझी बायको, म्हणते की काही बिघडलेलं नसलं तर जास्तच शिवशिवतात.

आता हा गिझर इतका महत्त्वाचा का होता ते सांगतो. आमच्या ओवीचा, म्हणजे आमच्या पहिल्या मुलीचा, जन्म कुवेतमध्ये झाला. खरं म्हणजे पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं आणि सायलीचं माहेर गडहिंग्लजला. पण मी हट्टच धरला. सायली इथेच नर्स आहे, डॉक्टर ओळखीच्या, सगळ्या सोयी हाताशी, अशी बरीच कारणं मी फोनवरून सासूबाईंना ऐकवली. खरं कारण एकच होतं. माझ्या एका मित्राने आपली मुलगी पहिल्यांदा पाहिली तेव्हा ती पाच महिन्यांची होती आणि त्याला बघताच तिने इतकं भोकाड पसरलं की विमानतळावरचा पोलीस चौकशीला आला. मला माझ्या पोरीने ओळखायला हवं होतं. पहिल्या दिवसापासून. बाकी सगळी सजावट.

"तिकडं लेकीचं बाळंतपण म्हंजे मी यायला पायजे," सासूबाई म्हणाल्या. "आन् तिकडं अंघोळीचं पाणी कसं?"

"आई, नळ उघडला की कढत पाणी! चोवीस तास!"

हे मी जुलै महिन्यात म्हणालो, आणि जुलैत ते शंभर टक्के खरं होतं. कुवेतच्या उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीतलं पाणी असं तापतं की लोक गिझर बंद करतात आणि त्यात साठलेलं पाणी गार म्हणून अंघोळीला घेतात. हिवाळ्यात मात्र तीच टाकी रात्रभर वाऱ्यात उभी असते आणि सकाळी नळातून जे पडतं त्याने दात वाजतात. वाळवंटात थंडी पडते हे भारतातल्या माणसाला कितीही सांगा, पटत नाही. सासूबाईंनाही पटलं नव्हतं. त्या डिसेंबरात उतरल्या त्या सुती साड्या, डिंक, अळीव, शेपा, ओवा, वावडिंग आणि एक अट घेऊन.

"बाळंतिणीला कडकडीत पाणी आन् शेक. ह्यात कुठं खोट झाली, तर लेक आन् नात घेऊन मी सरळ गडहिंग्लजला जाणार. उन्हाळा सरल्यावर बघू मग."

मी हसलो. मला वाटलं, नव्या बाळाला लगेच कुठे नेता येतंय, अजून पासपोर्ट व्हायचाय! मग ओवी झाली आणि आनंदाच्या भरात मीच सगळ्या कचेऱ्या पालथ्या घालून तिचा पासपोर्ट विक्रमी वेगात काढून आणला. सगळ्यांना फोटो पाठवला. अभिनंदनं घेतली. माणूस आपल्या पायावर धोंडा पाडून घेतो तेव्हा तो धोंडा किती हौसेने उचललेला असतो!

ओवी महिन्याची झाली आणि गिझर बंद पडला.

सासूबाई न्हाणीघरात पाटावर बसलेल्या, लांब केलेल्या पायांवर तेलाने चोळलेली ओवी पालथी, आणि हातातल्या तांब्यात नळाचं पाणी. त्यांनी पाण्यात कोपर बुडवलं. मग माझ्याकडे पाहिलं.

"जावईबापू, पाणी गार हाय की वो."

"येईल येईल, जरा सोडून ठेवा."

सोडून ठेवलं. आणखी गार आलं. ओवीने टाहो फोडला. तेवढ्यात आतल्या खोलीतून सायलीचा आवाज आला, "अहो!" सायली एरवी मला 'अरे संदीप' म्हणते. आईसमोर असली आणि चिडलेली असली तरच 'अहो' म्हणते, त्यामुळे त्या एका शब्दाने मी जागचा उठतो.

"अहो, आजच्या आज कोणाला तरी बोलवा."

बोलावलं. आला तो हैदराबादचा होता. गिझरखाली उभा राहिला, वर पाहिलं, बोटाने टकटक केलं आणि म्हणाला, "हीटर कॉइल गया साब. पंद्रह दिनार, कॉइल मेरा."

सासूबाई दारात उभ्या होत्या. कुवेतमध्ये आल्यापासून त्यांनी एक उद्योग आरंभला होता. कानावर पडलेल्या प्रत्येक दिनाराचे त्या जागच्या जागी रुपये करत. कोथिंबिरीचे करत, पावाचे करत, टॅक्सीचे करताना तर एकदा डोळेच मिटले होते.

"चार हजार?" त्या ओरडल्या. "एका कॉइलीला चार हजार? आवो, त्या पैशात आमच्याकडं गावाला न्हाणीघर बांधून हुतंय!"

बस्स. सासूबाईंच्या डोळ्यांत काटकसरी जावई म्हणून चमकायची ही एवढी नामी संधी मी सोडणार होतो होय? मी हैदराबादीला हात जोडले. "भाई, मैं देख लूंगा."

त्याने माझ्याकडे पाहिलं. सहानुभूतीने पाहिलं, असं आता वाटतं.

कॉइल मी हार्डवेअरच्या दुकानातून तीन दिनारांत आणली. सायली म्हणाली, "तू नको ना रे करूस." (आई स्वयंपाकघरात होती.) मी म्हणालो, "अगं, मी स्कॅनर उघडतो!" ती म्हणाली, "स्कॅनरमध्ये पाणी नसतं." या वाक्यावर मी विचार करायला हवा होता. पण तोवर मी स्टुलावर चढलो होतो, आणि एकदा स्टुलावर चढलेला पुरुष मागे फिरलेला निदान माझ्या तरी पाहण्यात नाही.

जुनी कॉइल निघाली. नवी बसली. जवळजवळ बसली. मी पाण्याचा कॉक उघडला, बटण दाबलं, आणि खाली उभ्या असलेल्या सासूबाईंना विजयी मुद्रेने म्हणालो, "बघा आई, तीन दिनार!"

त्या क्षणी वरून एक धार निघाली. आधी बारीक, माझ्या कॉलरमध्ये. मग ठसठशीत. मग गिझरचं बूड सुटल्यासारखी सगळी टाकी माझ्या डोक्यावरून सासूबाईंच्या डोक्यावर आणि तिथून सरळ हॉलमध्ये. फट्ट असा आवाज झाला आणि घरातली सगळी वीज गेली. नुसती वीज नाही, खोली गरम ठेवणारे हीटरही गेले. ओवी उठली. गार वाऱ्याची खिडकी नेमकी मीच उघडी टाकली होती.

"जावईबापू," अंधारात, ओल्या पदराआडून सासूबाईंचा आवाज आला, "ह्याचे रुपये किती झाले?"

इमारतीचा चौकीदार, ज्याला इथे हारिस म्हणतात, तो इजिप्तचा सय्यद. त्याने खालून येऊन घराची वीज जोडून दिली, गिझरची वायर कायमची तोडून टाकली आणि मालकाला फोन लावला. मालकाचं उत्तर त्याने मला हातवाऱ्यांसकट सांगितलं. गिझर आपोआप बिघडला असता तर मालकाने पाहिलं असतं. गिझरवर हल्ला झाला असेल तर भाडेकरूने पाहावं.

म्हणजे मालकाकडूनच फुकटात झालं असतं! हे मी सासूबाईंना सांगितलं नाही. सय्यदने सांगितलं. खुणांनी. त्यांना लगेच कळलं.

दुसरा मेकॅनिक आला तो केरळचा. त्याने वर पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

"ये किसने किया?"

"था एक," मी म्हणालो.

"बहुत खराब आदमी है. उसको पैसा दिया?"

"नहीं."

"अच्छा किया. टांकी भी क्रॅक कर दिया उसने. अब नया लगेगा. पैंतालीस."

सासूबाईंनी तोंडातल्या तोंडात हिशेब केला आणि भिंतीला टेकल्या. माझ्या कॉइलीचे तीन दिनार धरून तेरा हजार झाले होते. मी म्हणालो, जरा चौकशी करतो. सायली म्हणाली, "अहो, कसली चौकशी? बसवा नवा!" पण मला आता कोणाचंच ऐकू येत नव्हतं. मी आमच्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर विचारलं, 'गिझरचं काम योग्य दरात कोण करतं?' सलवा भागात राहणाऱ्या एका डॉक्टरांनी लिहिलं, आमचं फुकट झालं, मालकाने केलं. एकाने लिहिलं, जुना विकायचा आहे का? एका वहिनींनी तिळगुळाच्या ऑर्डरी घ्यायला सुरुवात केली. मी फोन हातात घेऊन हॉलमधून गॅलरीत आणि गॅलरीतून हॉलमध्ये येरझारा घालत राहिलो.

तोपर्यंत पाणी गॅसवर तापत होतं. पातेली, कुकर, चहाचं भांडं, सगळं शेगडीवर. मी उकळतं पातेलं चिमट्यात धरून न्हाणीघराकडे पळायचो, निम्मं वाटेत सांडायचो आणि उरलेलं पोचेपर्यंत कोमट झालेलं असायचं. मग गॅसचा सिलिंडर संपला. शुक्रवार होता. सिलिंडरचं दुकान बंद. शेजारच्या बकालातून, म्हणजे किराणा दुकानातून, मी एक विजेची किटली आणली. किटलीने बाळंतिणीला अंघोळ घालायची म्हणजे चमच्याने विहीर उपसायची!

त्या दुपारी ओवी दोनदा शिंकली.

बाळं शिंकतात. सायलीने नर्स म्हणून तसं सांगितलंही. पण सासूबाई उठल्या, कपाटावरची बॅग काढली आणि पुण्याच्या आपल्या मुलाला माझ्यासमोरच फोन लावला. "बाळू, तीन तिकिटं बघून ठेव. व्हय, तीन. तिसरं बारक्या जिवाचं."

ओवी नुकतीच माझा आवाज आला की मान वळवायला लागली होती. (सायली म्हणे, ती पंख्याकडे बघते. बघू दे.) आता ती उन्हाळाभर गडहिंग्लजला जाणार, तिथे मामाला हसणार, कुत्र्याला हसणार, आणि मी विमानतळावर उभा राहिलो की भोकाड पसरणार. मी सासूबाईंच्या समोर खुर्ची ओढून बसलो. मग उठलो. मग पुन्हा बसलो.

"आई, काय करू सांगा. तुम्ही म्हणाल ते."

त्यांना माझी दया आली असावी. त्या बॅगेची चेन ओढताना पुटपुटल्या, "तुमी तरी काय करणार. घरात एक बंब असता तर ही वेळ आली नसती बघा."

बंब! ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. तांब्याचं पिंप, मधोमध आरपार नळी, खाली जाळ, वर पाणी, बाजूला तोटी. दोन लाकडं सारली की पाणी असं निघतं की कातडी लाल. कॉइल नाही, वायर नाही, बिघडायला काही नाहीच! मी ताडकन उठलो. माझ्या डोक्यात त्या वेळी फक्त एकच विचार होता, की याला दुरुस्तीचा खर्च शून्य.

अम्गराला, जिकडे भंगाराचे आणि फॅब्रिकेशनचे कारखाने आहेत, तिथे आमच्या ओळखीचा दत्ताराम वेल्डर आहे. कणकवलीकडचा. बायकामुलं गावी, हा इथे खोलीवर. शुक्रवारी ओव्हरटाइमला आला होता. मी बंब म्हणताच त्याने तोंडावरचा काळा चष्मा वर केला.

"बंब? हयसर? कुवेतात?" त्याचे डोळे लकाकले. "आमच्या घराकडे आसा. आजून पेटता. कितको मोठो व्हयो?"

"मोठा कर," मी म्हणालो. हीही एक चूक नोंदवून ठेवतो.

दत्तारामने भंगारातलं हॉटेलचं स्टीलचं पिंप घेतलं, मधे एका ट्रकचा धुराचा पाइप उभा घातला, खाली जाळी, राख काढायला खण, बाजूला पितळी तोटी. गेल्या कित्येक वर्षांत त्याने सळया, जिने आणि गेटंच जोडली होती. त्या दिवशी तो गुणगुणत काम करत होता. पैशाचं विचारलं तर म्हणाला, "गप ऱ्हवा. एकदा आवशीच्या हातचा जेवाण घाला म्हंजे झाला." आवस म्हणजे आई; त्याला सासूबाई म्हणायच्या होत्या.

बंब लग्नघराला पुरेल एवढा झाला. पिकअपमधून अबू हलीफात, म्हणजे आमच्या वस्तीत, आणला. लिफ्टमध्ये मावेना. मी, दत्ताराम आणि त्याचे दोन दोस्त तो जिन्याने चढवत असताना प्रत्येक मजल्यावर एकेक दार किलकिलं होत होतं. हारिस सय्यदने विचारलं, हे काय? मी म्हणालो, "शोपीस." त्याने मान डोलावली. भारतीयांच्या घरात कुठलंही शोपीस असू शकतं यावर त्याचा विश्वास आहे.

सासूबाईंनी गॅलरीत बंब पाहिला आणि दोन्ही हात गालांवर ठेवले. त्यांनी त्याला हळदीकुंकू लावलं. मला म्हणाल्या, "कसं काय केलंसा ओ हे!" लग्नानंतर प्रथमच त्यांच्या आवाजात मला कौतुक ऐकू आलं, आणि मी असा फुललो की सायली काय म्हणतेय तिकडे माझं लक्षच गेलं नाही. सायली म्हणत होती, "अहो, चौथ्या मजल्यावर जाळ करायचा?"

लाकडं मी रस्त्याकडेच्या एका पिकअपवरून घेतली. हिवाळ्यात इथले लोक वाळवंटात तंबू ठोकून राहतात, त्यांच्यासाठी ती विकायला असतात. आदल्या दिवशी पाऊस झाला होता. लाकडं ओली आहेत हे माझ्या लक्षात आलं. ओली म्हणून विकणारा स्वस्तात देत होता, हेही आलं. मी ती घेतली.

सकाळी उजाडता उजाडता आम्ही बंब पेटवला. म्हणजे सासूबाई पेटवत होत्या आणि मी गिझरच्या उरलेल्या पाइपची फुंकणी करून फुंकत होतो. आधी नुसता चरचराट. मग धूर. पांढरा, दाट, ओल्या लाकडाचा धूर! समुद्राकडून वारा येत होता. गॅलरीतून बाहेर पडलेला धूर त्याने उचलला आणि जसाच्या तसा इमारतीत परत ढकलला.

"फुका, फुका! पेटतंय!" सासूबाई म्हणाल्या.

मी फुंकलं. वरच्या मजल्यावर उम्म करीम नावाच्या इजिप्शियन बाई राहतात. त्यांनी दोरीवर पांढऱ्या चादरी घातल्या होत्या. त्या चादरी दिसेनाशा झाल्या. मग ऐकू आल्या त्या उम्म करीम. मग कुठेतरी काच फुटावी असा आवाज आणि पाठोपाठ इमारतीचा अलार्म, सगळ्या मजल्यांवर, एकदम! दारं आपटली. जिन्यावरून पावलं धडधडली. कोणी अरबीत, कोणी मल्याळममध्ये, कोणी तेलुगूत ओरडत होतं, पण सगळ्यांचा अर्थ 'पळा' असाच होता.

सायली ओवीला शालीत गुंडाळून दारात उभी राहिली. "चला खाली!"

"तुम्ही व्हा पुढं," सासूबाई म्हणाल्या. "पाण्याला आत्ता कुठं आधण आलंय."

"आई, आग लागली म्हणून लोक पळतायत!"

"आग कुठं हाय? ही आपली हाय की!"

त्यांना तिथून हलवणं शक्य नव्हतं. मी सायली-ओवीला घेऊन खाली पळालो. पार्किंगमध्ये सगळी इमारत. पायजमे, गाउन, ब्लँकेटं, पिंजऱ्यातले पोपट. सगळे वर बघत होते. आमच्या गॅलरीतून धूर निघत होता आणि त्यात अधूनमधून सासूबाईंचा हिरवा पदर दिसत होता. "बाई अडकल्यात!" कोणीतरी ओरडलं. मी शालीत तोंड घालून ओवीकडे बघत उभा राहिलो. ती गाढ झोपली होती.

फायर ब्रिगेडची गाडी आली. मागे अँब्युलन्स. मागे पोलीस. अधिकारी तरुण होता, शिडीची तयारी करायला सांगत होता. मला बोलावंच लागलं. मी त्याला जिन्याने वर नेलं. गॅलरीत जाळ आता झकास पेटला होता, धूर विरला होता, आणि सासूबाई तोटीखाली बादली लावून बसल्या होत्या.

"शिनू हाडा?" अधिकाऱ्याने विचारलं. हे काय आहे?

"सख्खान," मी म्हणालो. सख्खान म्हणजे गिझर.

तो न्हाणीघरात गेला. माझं काम बघून आला. मग हेल्मेट काढून मला इंग्रजीत विचारलं, तो दुरुस्त का नाही केला?

"महाग सांगत होते, साहेब."

"किती?"

"पंधरा दिनार."

तो गॅलरीच्या कठड्याशी गेला आणि खाली बघत राहिला. लाल गाडी, तिची शिडी, अँब्युलन्स, पोलीस, थंडीत कुडकुडणारी इमारत. मग मागे वळून शांतपणे म्हणाला, "आणि हे तुला स्वस्त पडलं?"

सासूबाईंनी मला कोपराने ढोसलं. "ते काय म्हणत्यात? त्यास्नी सांगा, जाळ इझवायचा तर इझवा, पण बादली भरू दे. लेकराची अंघोळ ऱ्हायलीया."

मी सांगितलं. त्याने बादलीकडे पाहिलं, सासूबाईंकडे पाहिलं आणि आपल्या माणसांना दारातच थांबायची खूण केली. बादली भरेपर्यंत कुवेतचे चार अग्निशामक जवान हातात पाइप धरून आमच्या हॉलमध्ये उभे होते. मग त्यांनी बंब विझवला. नंतर पोलिसांसमोर मी लिहून दिलं की पुन्हा असं करणार नाही. सासूबाई लिहून द्यायला तयार नव्हत्या.

खाली आता उम्म करीम माझी वाट बघत होत्या, काळवंडलेली चादर हातात घेऊन. त्या तोंड उघडणार तोच त्यांना सायलीच्या हातातली ओवी दिसली. त्यांचा आवाज एकदम बदलला. किती दिवसांची? सायलीने सांगितलं, गिझरचंही सांगितलं. झालं! चादर राहिली बाजूला. चाळीस दिवसांच्या आतली बाळंतीण वाऱ्यात उभी? गार पाण्यात? त्यांच्यातही चाळीस दिवस बाळंतिणीला जपतात, उबेत ठेवतात, हे मला तेव्हा कळलं. सासूबाई खाली आल्या. दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता. उम्म करीमनी वाऱ्याकडे बोट दाखवलं, बाळाकडे दाखवलं आणि मग माझ्याकडे. सासूबाईंनी जोरात मान हलवली. भाषा वेगळी असली तरी माझ्याबद्दलचं मत दोघींचं तंतोतंत जुळलं होतं.

त्या सकाळी आमच्या घरी वरून, खालून, समोरून गरम पाण्याच्या बादल्या आल्या. उम्म करीमची मेथीची पेज आली. समोरच्या मल्याळी नर्सने दोन बादल्या दिल्या आणि संध्याकाळच्याही देईन म्हणाली. मला भरून आलं. मी सय्यदला म्हणालो, किती प्रेमळ लोक आहेत! सय्यद म्हणाला, मालकाने सगळ्यांना सांगितलंय, हवं तेवढं पाणी द्या, पण ते शोपीस पुन्हा पेटू देऊ नका. दुपारपर्यंत मालकाने स्वतःच्या खर्चाने नवा कोरा गिझरही बसवून दिला. बसवणाऱ्याला ताकीद होती की मी घरात असताना गिझर उघडा ठेवून चहालासुद्धा जायचं नाही.

सगळं निवलं तरी माझ्या जिवाला चैन नव्हती, कारण तिकिटांचं काय ते कोणीच बोलत नव्हतं. संध्याकाळी सासूबाईंचा फोन वाजला. पुण्याहून बाळू. "आई, तीन तिकिटं मिळतायत. काढू?"

सासूबाईंनी सायलीकडे पाहिलं.

"आई, बाळाला काय, कुठेही नेता येईल गं," सायली म्हणाली. "पण ह्याला इथे एकट्याला ठेवून कशी येऊ? तू बघितलंस ना आज?"

सासूबाईंनी माझ्याकडे नीट, वरपासून खालपर्यंत पाहिलं. मी एखाद्या बिघडलेल्या यंत्रासारखा उभा राहिलो. मग त्या फोनमध्ये म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे रे बाळू. हितं लक्ष द्यायला माणूस लागतंय. माझंबी तिकीट फुडं ढकल."

माझा अपमान झाला होता हे मला कळत होतं. पण ओवी राहणार होती, आणि त्या आनंदापुढे मला अपमानाचं काही वाटेना. मी पाळण्याशी गेलो, वाकलो. ओवी जागी होती. मी बोट पुढे केलं आणि तिने ते तिच्या एवढ्याशा मुठीत गच्च पकडलं. सोडेचना! माझे डोळे भरून आले.

"बघितलंत आई?" मी म्हणालो. "बापाला सोडवत नाही तिला."

"लई शहाणी हाय पोर," सासूबाई म्हणाल्या. "तुमचा एक हात तरी अडकवून ठेवला."

नव्या गिझरचा नट जरासा सैल वाटतोय म्हणून दुसऱ्या हातात मी पाना घेतला होता. तो सायलीने काढून घेतला.